उपसा

दिवाळी अंकात दुधाची गोष्ट म्हटली की वाचकांच्या डोळ्यांपुढे बासुंदी उभी राहणार. मला सांगायचे आहे ते दूध निराळे. ज्याच्याविषयी बायका एकमेकींच्या कानाशी लागून बोलतात आणि पुरुष वर्तमानपत्र तोंडापुढे धरतात, ते.

साल 1988. घर जळगावला, नोकरी धुळ्याला. मधले अंतर सुमारे 90 किलोमीटर. बाळंतपणाची रजाही 90 दिवसांची. म्हणजे किलोमीटरमागे एक दिवस, असे मी हसत हसत सांगत असे. ऑक्टोबरात रजा संपली आणि हसणेही संपले. सकाळी साडेसहाची एस.टी., बांभोरीचा गिरणेवरचा पूल, एरंडोल, पारोळे, आणि साडेनऊच्या सुमारास धुळे. घरी परत यायला रात्रीचे आठ. पहिल्याच दिवशी एरंडोलच्या पुढे मागच्या बाकावरचे कुणाचे तरी तान्हे रडले आणि इकडे माझा पदर भिजला. वेड्या शरीराला काय ठाऊक, की रडणारे आपले नव्हे! रुमालाची घडी करून ती चोळीत सरकवली आणि खिडकीबाहेर कपाशीकडे पाहत बसले.

दुपारपर्यंत छाती दगडासारखी होई. कचेरीत जागा एकच होती, जुन्या कागदांची खोली. तिथे दार लावून, दप्तरांच्या गठ्ठ्यांकडे तोंड करून, मी हाताने दूध काढीत असे. वाटीभर निघे. कचेरीत शीतकपाट नव्हते, आणि खानदेशच्या उन्हात ते रात्री आठपर्यंत टिकवणार कसे? साध्या हवेत चार तासांच्या पुढे त्याचा भरवसा धरू नये, असे डॉक्टर सांगतात. तेव्हा ते ओतून देणे आले. मोरीत ओतताना आपण काही पाप करीत आहोत असे वाटे. आमच्या शिपाईबाईने एकदा ते पाहिले. ती धुळ्याकडचीच, बोलणे अहिराणी. म्हणाली, "माय, असं फेकू नको. कोनाना पाय पडी." वाटी माझ्या हातातून घेऊन तिने मागच्या निंबाच्या मुळाशी ओतली. मग रोज ती वाटी तिकडेच जाऊ लागली.

पण पोराच्या पोटात काय? दिवसा तीन वेळा डब्याचे दूध द्यायचे ठरले. डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र होते आणि ते बाळ माझ्याकडे पाहून हसते आहे, असा मला भास होई. (1992 च्या कायद्याने डब्यांवरची बाळांची चित्रे बंद झाली. फार बरे झाले.) शेजारच्या काकूंनी डबा पाहिला आणि "आटलं वाटतं?" एवढेच विचारले. त्या दोन शब्दांनी मी रात्रभर जागी राहिले. मग अळिवाचे लाडू झाले, डिंकाचे झाले, शतावरी झाली, बाजरीची भाकरी तर रोजचीच. अंग माझे भरले. दूध होते तेवढेच राहिले.

दूध दिवसेंदिवस कमी होते आहे, हे मात्र खरे होते. कारण उघड होते, पण मला दिसत नव्हते. ओतूनच द्यायचे तर काढायचे कशाला, असे म्हणून मी दुपारचे काढणे टाळू लागले होते. कामाची गर्दी, साहेबांची हाक, कागदांच्या खोलीची किल्ली दुसऱ्याकडे. निमित्ते काय थोडी असतात?

ह्यांच्या आजीला आम्ही मोठी माय म्हणत असू. तिला लिहितावाचता येत नव्हते. विहिरीचे मात्र कळत होते. "उपसा थांबला की झरे बुजतात," ती म्हणाली, "पाणी वाया जातं म्हणून कुणी मोट बंद ठेवतं का?" डॉक्टरीणबाईंनी नंतर हेच आपल्या भाषेत सांगितले. स्तन जितके रिकामे होतील तितके दूध पुन्हा तयार होते. भरलेले राहिले की गरज नाही असे समजून शरीर हात आवरते. दूध तयार करवणारे द्रव्य रक्तात रात्री अधिक असते, म्हणून रात्रीचे पाजणे सोडू नका. निंबाला घातलेली वाटीसुद्धा वाया जात नव्हती तर! मी दुपारची किल्ली माझ्याकडे मागून घेतली.

मोठी माय आणखी एक सांगे. तिच्या लहानपणी गिरणीत जाणाऱ्या बाया पोराला अफूची गोळी चाटवून कामाला जात. पोर दिवसभर झोपून राही, आणि कधी कधी उठतच नसे. तिने ते ऐकीव म्हणून सांगितले, पण मुंबईच्या गिरण्यांतही ती चाल होती. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतीच्या रजेचे बिल आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. 1929 साली कायदा झाला. पुढे 1961 च्या कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या दिल्या. सुट्टी धुळ्यात आणि बाळ जळगावात, तर करता काय? 2017 पासून रजा पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची झाली. माझी सून ती घेऊन घरी बसली, तेव्हा मला तिचा हेवा वाटला, हे इथे कबूल करते.

नोव्हेंबरात, चकलीची भाजणी भाजायला घेतली त्याच आठवड्यात, पोराला वजनाला नेले. पाच आठवड्यांत जेमतेम 200 ग्रॅम वाढले होते. डॉक्टरीणबाईंनी मला दोष दिला नाही. विचारले, "भुकटी कशाने मोजता?" मी म्हटले, चमच्याने. "कोणत्या चमच्याने?"

चिठ्ठी मीच लिहून ठेवली होती: पाणी उकळून, चार चमचे भुकटी. डब्यातले माप, असे लिहिले नव्हते. ते माप भुकटीत बुडालेले असते. सासूबाईंनी डबा उघडला, माप दिसले नाही, म्हणून चहाचा लहान चमचा घेतला. नऊ-दहा दिवसांत संपायचा डबा अठरा दिवस पुरला. आणि मी, हिशेबाच्या टेबलावर बसणारी बाई, डबा पुरला म्हणून मनातून खूश होते! पोर पाच आठवडे निम्म्या दुधावर होते, ते माझ्या आटण्याने नव्हे. माझ्या अर्ध्या लिहिलेल्या चिठ्ठीने.

घरी येऊन सासूबाईंना सांगितले. त्या मटकन खाली बसल्या. "अगं, ते मी फुकट आलेलं समजले," म्हणाल्या. डबा रिकामा झाल्यावर तळाशी सापडलेले ते माप त्यांनी मिसळणाच्या डब्यात हळदीत रोवून ठेवले होते. दोघी रडलो. मग त्यांनी भाजणीचा गॅस बंद केला आणि नव्या डब्यातले माप काठाशी सुरीने सपाट करून कसे भरायचे, ते मला चार वेळा करून दाखवायला लावले. बाटलीऐवजी वाटी-चमचा आला. त्या दिवाळीत आमच्याकडे चकल्या झाल्याच नाहीत.

पुढच्या महिन्यात काटा नीट हलला. दिवसा डबा आणि रात्री, पहाटे व रविवारी मी, असे ते दीड वर्षापर्यंत चालले. मग त्यानेच एके दिवशी तोंड फिरवले. हळदीतले ते माप अजून आमच्या मिसळणाच्या डब्यात आहे. पिवळे झाले आहे. सून त्याने मेथीदाणा मोजते.