गुरुवारचा खेळ, रविवारचा खेळ

पिंपरी-चिंचवडचा आठवडा बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. इथल्या पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळ्या औद्योगिक वसाहतींनी एकाच वारी यंत्रं बंद ठेवू नयेत, विजेचा भार आठवडाभर विभागला जावा, म्हणून कधीकाळी वीज मंडळाने भागाभागाला वार वाटून दिले आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला. शाळा मात्र रविवारी बंद. त्यामुळे एक जण कंपनीत आणि मुलं शाळेत असलेल्या घराला पूर्ण घराची सुट्टी अशी क्वचितच मिळते. शेजारीपाजारी ह्यावर कुरकुरतात. माझी तक्रार नाही. मला व्हिडिओ गेम खेळायला आवडतात, आणि ह्या वाटणीमुळे माझ्या खेळाचेही आपसूक दोन भाग पडले आहेत. गुरुवारी दुपारी एकटीचा आणि रविवारी कामावरून आल्यावर घरच्यांबरोबरचा. दोन्हीला कसब लागतं. पण गुरुवारी जे कमवायचं, तेच रविवारी खुंटीला टांगून ठेवावं लागतं.

मी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचं काम करते. सोप्या शब्दांत सांगायचं तर स्टॉपवॉच घेऊन लाइनवर उभी राहते. कुठल्या स्टेशनवर किती सेकंद लागतात, कुठे माल तुंबतो, कुठला ऑपरेटर हात बांधून पुढच्या पार्टची वाट बघतो, हे टिपायचं आणि कामं अशी वाटायची की सगळ्या स्टेशनांचा वेळ जवळपास सारखा यावा. ह्याला लाइन बॅलन्सिंग म्हणतात. एकाच स्टेशनवर सगळी लाइन अडत असेल तर बाकीच्यांनी कितीही घाई करून उपयोग नसतो. लाइनचा वेग म्हणजे तिच्या सगळ्यात संथ स्टेशनचा वेग.

आणि गुरुवारी मी खेळते काय, तर ‘फॅक्टोरिओ’. चेक प्रजासत्ताकातल्या ‘वुब’ नावाच्या कंपनीचा हा गेम २०२० मध्ये पूर्ण रूपात आला. परग्रहावर आपटलेला एक इंजिनिअर लोखंड आणि तांबं खणून काढतो, भट्ट्या लावतो, पट्टे फिरवतो, आणि कारखाना वाढवत वाढवत शेवटी रॉकेट उडवतो. दिसायला मातकट, रूक्ष. पण आत शिरलं की सुटत नाही. त्यातलं हिरवं सर्किट घ्या. तांब्याच्या एका पत्र्यातून दोन तारा निघतात. एका सर्किटला तीन तारा आणि लोखंडाचा एक पत्रा लागतो. दोन्ही कामांना वेळ सारखाच, अर्धा सेकंद. म्हणजे तारेची तीन यंत्रं आणि सर्किटची दोन, अशी जोडी बसली की एकही यंत्र रिकामं राहत नाही आणि एकही तार साठत नाही. पहिल्यांदा हे गणित कागदावर जुळलं आणि पडद्यावर पाचही यंत्रं न थांबता चालू लागली, तेव्हा झालेला आनंद मला कुठल्याही ऑडिटमध्ये झालेला नाही.

“दिवसभर कारखाना आणि सुट्टीलाही कारखानाच?” सासूबाई विचारतात.

“आई, ह्या कारखान्याची मालकीण मी आहे,” मी म्हणते.

उत्तर थट्टेचं असलं तरी त्यात तथ्य आहे. खऱ्या कारखान्यात एक स्टेशन चार फूट सरकवायचं तर मंजुरी लागते, मेंटेनन्सची माणसं लागतात, लाइन बंद मिळावी लागते. तेवढं सगळं करूनही मालाची गाडी तळेगाव चौकात अडकली की माझी सगळी सेकंदं वाहून जातात. गेममध्ये अख्खा विभाग मोडून पुन्हा मांडायला कोणाची सही लागत नाही. काही अडलं तर कारण सापडतंच, आणि ते माझ्याच मांडणीत असतं. शिवाय तिथे माणूस नाही. कोणाची पाठ दुखत नाही, कोणाच्या घरी लग्न नाही, कोणाला आपलं स्टेशन बदललेलं अपमानाचं वाटत नाही. शंभर टक्के हट्ट धरावा आणि तो शंभर टक्के पुरवून घ्यावा, अशी आयुष्यातली ती एकच जागा. आईने हट्ट धरायच्या जागा एरवी फार नसतात. नवऱ्याने सुट्टीचा दिवस क्रिकेटपुढे घालवला तर त्याला कोणी कारण विचारत नाही. बाईच्या फुरसतीतून मात्र एखादा दुपट्टा किंवा चकलीचा डबा तरी बाहेर पडावा, अशी अपेक्षा असते. माझ्या गुरुवारातून काहीच बाहेर पडत नाही. दुपारी साडेतीनला स्कूलबस यायच्या आधी मी गेम सेव्ह करते, बस्स.

खेळ आणि कारखाना ह्यांची सोयरीक तशी जुनी आहे. जपानमध्ये क्योटोला गुनपेई योकोई नावाचा तरुण १९६५ मध्ये निन्टेन्डोत लागला तो मेंटेनन्सला. कंपनी तेव्हा हानाफुदा हे जपानी पत्ते छापायची, आणि त्याचं काम होतं पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल. यंत्रं नीट चालली की मेंटेनन्सवाला रिकामाच. त्या रिकाम्या वेळात त्याने स्वतःच्या गमतीसाठी लांबवर पोचणारा कात्रीसारखा उघडमीट होणारा हात बनवला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची ह्यांनी तो पाहिला, आणि पुढच्या वर्षी ‘अल्ट्रा हँड’ नावाने तो खेळणं म्हणून बाजारात आणला. आज जवळपास प्रत्येक कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याखाली असलेलं अधिकचिन्हासारखं बटण रुळलं ते ह्याच योकोईंच्या १९८२ च्या हातातल्या खेळापासून. १९८९ चा गेम बॉयसुद्धा त्यांचाच. नवं, महागडं तंत्र शोधत बसण्यापेक्षा स्वस्त झालेलं, अंगवळणी पडलेलं तंत्र नव्या रीतीने वापरावं, हे त्यांचं सूत्र होतं. चाकणच्या कुठल्याही शॉपफ्लोअरवर असा एक माणूस असतो. भंगारातल्या सिलिंडरातून तो असं फिक्श्चर करून देतो की बाहेरून मागवायची गरज उरत नाही. फरक एवढाच, की त्याच्या रिकाम्या वेळेकडे यामाउचींच्या नजरेने बघणारं कोणी असावं लागतं.

रविवारच्या खेळाचा पहिला धडा मला लहानपणीच मिळाला होता. निगडीला यमुनानगरात आमच्या बिल्डिंगमध्ये नव्वदच्या दशकात ‘टीव्ही गेम’ आला. निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची ती स्वस्त नक्कल, हे फार पुढे कळलं. आम्हाला एवढंच माहीत होतं की कॅसेट चालली नाही तर तिच्यात फुंकर मारायची. मी आणि दादा ‘कॉन्ट्रा’ खेळायचो. त्यातली तिसरी लेव्हल म्हणजे धबधबा. खडकाच्या एकेका कपारीवर उड्या मारत दोघांनी वर जायचं. पण पडदा एकच. वरचा गडी चढत गेला की पडदाही वर सरकतो, आणि खाली राहिलेला पडद्याबाहेर गेला की मेलाच. शत्रूच्या गोळीची गरजच नाही, जोडीदाराची घाई पुरते. त्या लेव्हलपुरतं दोघांपैकी तरबेज गड्याला एक वेगळंच कसब शिकावं लागतं. वरच्या कपारीवर उभं राहायचं, आजूबाजूचे शत्रू टिपायचे आणि खालच्याची उडी जमेपर्यंत एक पाऊलही वर टाकायचं नाही. “थांब, थांब, मी आले,” हे मी त्या उन्हाळ्यात जितक्यांदा ओरडले असेन, तितक्यांदा पुढे कोणालाच म्हणाले नसेन.

आमच्या रविवारचा लाडका गेम आहे ‘ओव्हरकुक्ड’. इंग्लंडमधल्या दोघा मित्रांच्या ‘घोस्ट टाउन गेम्स’ने तो २०१६ मध्ये काढला. एका पडद्यावर चौघांपर्यंत आचारी, एक हॉटेलचं स्वयंपाकघर, वर एकामागून एक येणाऱ्या ऑर्डरी आणि उलटं पळणारं घड्याळ. कांद्याचं सूप हवं असेल तर तीन कांदे चिरायचे, पातेल्यात टाकायचे, शिजलं की ताटलीत ओतायचं, खिडकीतून द्यायचं. वेळेत उतरवलं नाही तर पातेलं पेट घेतं. वाढलेल्या ताटल्या काही वेळाने खरकट्या होऊन परत येतात आणि त्या धुवाव्या लागतात. नीट पाहिलं तर ही सरळसरळ असेंब्ली लाइन आहे. पहिल्या पाच मिनिटांत मला प्रत्येक स्टेशनचा सायकल टाइम दिसू लागला.

आमची धाकटी चौथीत आहे. तिला कांदे चिरायला आवडतं. ती चिरतच सुटते. ओट्यावर चिरलेल्या कांद्यांची रांग लागते, पातेली भरलेली असतात, ताटली ठेवायला जागा उरत नाही. टोयोटाच्या ताईची ओनोंनी उधळपट्टीचे जे सात प्रकार सांगितले, त्यांत गरजेपेक्षा जास्त माल काढणं हा एक. ह्यावर मी कंपनीत ट्रेनिंग देते. पण रविवारी तोंड बंद ठेवायचं, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम. मी मोरीचं काम मागून घेते. ताटल्या धुण्यात चपळाईला फारसा वाव नाही, बटण दाबून उभं राहायचं, त्यामुळे माझा वेग कोणाला जाचत नाही. आणि तिथून सगळा ओटा दिसतो.

मग व्हायचं ते होतं. नवरा आग विझवायला धावतो आणि करपलेलं पातेलं तसंच घेऊन उभा राहतो. आठवीतला थोरला ओरडतो, “ताटल्या कुठायत? सूप तयार आहे, ताटल्याच नाहीत!” क्षणभर सगळे थांबतात. धाकटी सुरी टाकून माझ्याकडे पळत येते. “आई, सरक, मी पण धुते.” लाइन कुठे अडली आहे ते त्यांना सापडलं. ते मी आधीच सांगितलं असतं तर तो माझा हुकूम झाला असता. आता तो त्यांचा शोध आहे, आणि पुढच्या डावात कांदे चिरता चिरता तिचं एक लक्ष मोरीकडे असतं. पैकीच्या पैकी गुणांचे तीन तारे त्या संध्याकाळी मिळत नाहीत. एकटीने गुरुवारी खेळले तर कदाचित मिळतील. पण त्या ताऱ्यांचं करायचं काय?

मुलांशी खेळताना मुद्दाम हरावं का, हा प्रश्न मला अनेकदा विचारतात. हरू नये. मुलांना ते तत्काळ कळतं, आणि अपमान वाटतो. त्यापेक्षा जिथे आपण खरोखरच बरोबरीचे असू असा खेळ निवडावा. जुन्या लोकांनी हे ओळखलं होतं. आमच्या मोशीहून जवळच असलेल्या आळंदीच्या ज्ञानेश्वरांशी परंपरा ज्या मोक्षपटाचं नाव जोडते, त्या सापशिडीच्या पटावर आजी आणि नात एकाच पायरीवर उभ्या राहतात, कारण दान कोणाचंच वय बघत नाही. आमच्या घरी ते काम ‘राजी’ने केलं. पुण्याच्याच ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये काढलेला हा गेम. राक्षसांनी पळवून नेलेल्या गोलू नावाच्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली, डोंबाऱ्यासारख्या कसरती येणारी मुलगी, हातात त्रिशूळ, भोवती राजस्थानी धाटणीचे महाल, आणि मधली गोष्ट सांगणाऱ्या सावल्यांच्या बाहुल्या. खेळणारा एकच असतो, म्हणून आम्ही नियम केला की राजी मेली की रिमोट पुढच्याकडे. उड्या मारण्यात माझी बोटं मुलांपुढे टिकत नाहीत. माझी पाळी झटकन संपते, आणि त्यात नाटक काही नसतं. “हे पुण्यात केलंय? म्हणजे आपल्या पुण्यात?” धाकटीने विचारलं होतं. गेम कोणीतरी बनवतं, आणि ते कोणीतरी पीएमपीएमएलच्या बसमध्येही भेटू शकतं, हे तिला त्या दिवशी उमगलं.

स्वतः खेळण्याचा एक व्यावहारिक फायदाही आहे. थोरला मित्रांबरोबर मोबाइलवर चौघांच्या टोळीने मॅच खेळतो. तो गेम मध्येच थांबवता येत नाही. “आत्ताच्या आत्ता बंद कर” म्हणजे तीन मित्रांना मैदानात सोडून पळ. म्हणून मी म्हणते, “ही मॅच संपव आणि जेवायला ये, दुसरी लावू नकोस.” तो येतो. दर वेळी नाही, पण वाद मॅचच्या संख्येवर होतो, खेळाच्या लायकीवर होत नाही. आणि कुठल्या खेळाला ठाम नाही म्हणायचं, हेही खेळणाऱ्याला लवकर कळतं. पैसे लावायला लावणाऱ्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली. आमच्या कँटीनमध्ये तेव्हा सगळे गेम एकाच तागडीत तोलले गेले. ज्याने हातात रिमोट धरला आहे त्याला जुगार आणि खेळ ह्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. एकात हरलं की खिसा रिकामा होतो. दुसऱ्यात हरलं की पुन्हा पहिल्यापासून खेळायचं.

मुलांचं गेमचं वेड कसं सोडवू, असं कोणी विचारलं तर मी सांगते, एखादी संध्याकाळ त्यांच्या शेजारी बसा आणि रिमोट मागा. पहिल्यांदा तुम्ही फार लवकर मराल. मग मूल तुम्हाला शिकवायला लागेल, आणि त्या वेळी पडद्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघा. ते तुमच्यासाठी थांबतं का? चुकल्यावर हातातून रिमोट ओढून घेतं, की “परत कर, जमेल” म्हणतं? शिकवायची ती तऱ्हा त्याने कुठून उचलली, हे ओळखायला आपल्याला फार वेळ लागत नाही.