लाटेचे छायाचित्र आणि बंधाऱ्याचा पायथा

पाचोऱ्यात 'लाट' हा शब्द समुद्राबरोबर येत नाही. तो एप्रिल-मेमध्ये चढत्या पाऱ्याबरोबर येतो आणि डिसेंबर-जानेवारीत कडाक्याच्या थंडीबरोबर. 'बंधारा' हा शब्द मात्र आमच्या रोजच्या बोलण्यातला. नदीवर बंधारा घालायचा, पाणी अडवायचे, ते पाटाने शेतापर्यंत न्यायचे. धुळे जिल्ह्यातल्या पांझरेवर फड पद्धतीच्या बंधाऱ्यांची परंपरा तर काही शतकांची आहे. या शब्दाचा एवढाच अर्थ ठाऊक असलेला माणूस कोकणच्या किनाऱ्यावर जातो आणि 'धूपप्रतिबंधक बंधारा' असे वाचतो, तेव्हा त्याला अर्थाची दिशा फिरवून घ्यावी लागते. आमच्याकडे बंधारा असतो तो पाणी निघून जाऊ नये म्हणून. तिथे तो पाणी आत येऊ नये म्हणून. शब्द एकच, पण त्यामागची भीती नेमकी उलटी.

गेली काही वर्षे मी पावसाळ्यात कॅमेरा घेऊन किनाऱ्यावर जातो. कधी मुंबईला मरीन ड्राइव्हवर, कधी रत्नागिरीजवळच्या मिऱ्याला. छायाचित्रण हा माझा व्यवसाय नाही. माझा व्यवसाय मराठी शिकवण्याचा आहे. त्यामुळे लाटांची छायाचित्रे पाहतानाही मी त्यांच्याकडे मजकुरासारखा पाहतो. या चित्रांचे व्याकरण काय, त्यांत कर्ता कोण, कर्म कोण, आणि कोणते वाक्य लिहायचे राहून जाते, हे प्रश्न मला चित्र काढण्याइतकेच महत्त्वाचे वाटतात.

बहुतेक चित्रांत कर्ता समुद्र असतो. लाट उठते, भिंतीवर आदळते, फेसाचा पंखा आकाशात उघडतो आणि खाली छत्री सावरणारी माणसे दिसतात. भिंत सोसते, लाट मारते. आपल्या कवितेनेही समुद्राला असेच पाहिले आहे. सावरकरांना १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलेल्या कवितेत समुद्राशी भांडण आहे. कुसुमाग्रजांचा कोलंबस तर गर्वगीत गातच समुद्राला ललकारतो. समुद्र हा ज्याच्याशी बोलता येते, भांडता येते असा कुणीतरी आहे, ही कल्पना आपल्यात इतकी रुजली आहे की कॅमेऱ्याचे बटण दाबणारा हातही तिच्याच तालावर चालतो.

वृत्तपत्रांच्या भाषेत तर तिने एक गंमतशीर घोटाळा केला आहे. मुंबई महानगरपालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस आणि वेळा जाहीर करते. हा आकडा भरतीच्या पातळीचा असतो. एका ठरावीक तळरेषेपासून पाणी किती चढेल याचा. लाटेची उंची ही त्याहून वेगळी गोष्ट. ती वाऱ्यावर, वादळावर, दूरवरून आलेल्या उसळीवर अवलंबून असते आणि चढलेल्या पाण्याच्या माथ्यावर स्वार होऊन येते. बातमीत मात्र हमखास 'साडेचार मीटरच्या लाटा उसळणार' असे छापून येते. चंद्रसूर्याच्या ओढीने संथपणे चढणारे पाणी आपल्याला कथेला पुरेसे वाटत नाही. भरतीची लाट केली की लगेच नाट्य उभे राहते, आणि मग त्या नाट्याचे चित्र टिपायला आपण सारे कठड्याशी गर्दी करतो.

लाटेच्या चित्राचा इतिहासही या नाट्याला धरूनच आहे. ग्युस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५७ च्या सुमारास सेत या बंदरात 'मोठी लाट' टिपली. त्या काळच्या काचांवर आकाश आणि समुद्र एकाच वेळी नीट उमटत नसत. म्हणून त्याने आकाशाची एक काच आणि समुद्राची दुसरी अशा दोन काचा जोडून चित्र छापले. म्हणजे लाटेचे हे विख्यात छायाचित्र मुळातच जुळवलेले आहे. मला त्यात अधिक बोलके वाटते ते हे, की त्या चौकटीत एकटी लाट नाही, बंदराचा दगडी धक्काही आहे. लाटेला मोठेपण येते ते तिच्याशेजारी माणसाने रचलेला दगड असतो म्हणून. मोकळ्या समुद्रातली लाट किती उंच हे चित्रावरून कळतच नाही. बंधारा हा लाटेच्या चित्रातला मापदंड आहे.

मापाचा हा प्रश्न आमच्या भागातल्या एका छायाचित्रकाराने आयुष्यभर हाताळला. पाचोऱ्याहून मुंबईच्या दिशेने निघाले की तासाभरात चाळीसगाव येते. तिथे केकी मूस (१९१२–१९८९) राहत. दशकानुदशके त्यांनी घराबाहेर जवळजवळ पाऊल टाकले नाही, आणि घरातल्या टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून अशी निसर्गदृश्ये उभी केली की पाहणाऱ्याला ती खरीच वाटावीत. 'टेबलटॉप' छायाचित्रणासाठी त्यांचे नाव दूरवर गेले. तरी माझी एक खात्री आहे: टेबलावर डोंगर करता येतो, झाड करता येते, लाट करता येत नाही. पाण्याचा थेंब लहान व्हायला तयार नसतो. पृष्ठताण तोच राहतो, फेसाचे बुडबुडे त्याच आकाराचे राहतात, म्हणून लहान हौदातली लाट कॅमेऱ्यात लगेच उघडी पडते. जुन्या चित्रपटांतली खेळण्यातली जहाजे आणि त्यांच्याभोवतीचे जाड थेंबांचे पाणी ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे निराळे सांगायला नको.

आणि तरीही समुद्राशी झुंजणाऱ्या भिंती आधी हौदातच उभ्या राहतात. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली सुरू झालेल्या या संस्थेत बंदरांच्या आणि लाटारोधक बांधांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांवर कृत्रिम लाटा सोडतात. तिथला अभियंता चित्र काढत नाही. तो प्रमाण सांभाळतो. लांबी छत्तीसपट लहान केली तर काळ सहापट लहान होतो. समुद्रात बारा सेकंदांनी येणारी लाट हौदात दोन सेकंदांनी यावी लागते. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे बसून समुद्र समजून घेण्याची ही रीत मला, खानदेशी माणसाला, फार धीर देते. मरीन ड्राइव्हवरचे चार पायांचे काँक्रीटचे 'टेट्रापॉड'देखील असेच डोंगराळ गावातून आलेले. त्यांचा शोध १९५० साली आल्प्सच्या कुशीतल्या ग्रनोबल शहरातल्या प्रयोगशाळेत लागला आणि पहिला वापर मोरोक्कोतल्या कासाब्लांकाच्या एका वीजकेंद्राजवळ झाला. त्यांचे पाय एकमेकांत अडकतात आणि मध्ये पोकळ्या राहतात. लाट त्या पोकळ्यांत शिरून दमते. सपाट भिंत लाटेला परत फेकते, टेट्रापॉड तिला थकवतात.

हा फरक छायाचित्रात कसा दिसावा? इथे माझी खरी अडचण सुरू होते. शटर एक सहस्रांश सेकंदावर ठेवले तर प्रत्येक थेंब काचेसारखा गोठतो आणि लाट शिल्प होते. काळी काच लावून तीस सेकंद उघडे ठेवले तर त्याच समुद्राचे धुके होते आणि टेट्रापॉड ढगांत बसलेल्या तपस्व्यांसारखे दिसू लागतात. पहिल्या चित्रात फक्त घाव आहे, दुसऱ्यात घावच नाही. दोन्ही सुंदर दिसतात, आणि दोन्हींतून बंधाऱ्याचे काम मात्र निसटते. ते काम एका क्षणाचे नाही, अर्ध्या मिनिटाचेही नाही. ते काही वर्षांचे आहे आणि ते भिंतीच्या माथ्यावर नव्हे, पायथ्याशी चालते.

पायथा ओहोटीला दिसतो, आणि ओहोटीला कुणी चित्र काढत नाही. सपाट भिंतीवरून परतणारी लाट पायथ्याची वाळू उकरून नेते. पावसाळ्यात किनाऱ्याची वाळू समुद्रात ओढली जाणे आणि हिवाळ्यात शांत लाटांनी ती परत आणणे हा किनाऱ्याचा वार्षिक श्वास असतो. भिंत मध्ये उभी राहिली की तो अडखळतो. भिंत जिथे संपते त्याच्या पुढच्या जमिनीवर झीज वाढते, मग तिथली माणसे भिंत मागतात. त्यांचे मागणे चूक म्हणण्याचा अधिकार मला नाही. ज्याच्या माडांच्या मुळांशी पाणी आले आहे त्याला वाळूच्या श्वासाचे शास्त्र ऐकवणे निर्दयपणाचे होईल. पण त्याच्या अर्जाला जे छायाचित्र जोडले जाते ते उसळलेल्या लाटेचेच असते, हे मला अस्वस्थ करते. समुद्र मारतो आहे असे ते चित्र म्हणते, आणि त्या वाक्याला एकच उत्तर संभवते: आणखी उंच भिंत. वाळू गेली आहे असे म्हणणारे चित्र पुढे ठेवले, तर कदाचित प्रश्नच वेगळा विचारला जाईल.

मिऱ्याचा बंधारा वर्षानुवर्षे खचतो आणि पुन्हा बांधला जातो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात 'बसरा स्टार' नावाचे जहाज त्याच किनाऱ्याला येऊन अडकले आणि पुढची काही वर्षे तिथेच गंजत राहिले. या काळात मिऱ्याची चित्रे पुष्कळ निघाली, आणि जवळजवळ प्रत्येकीत जहाज होते. बंधारा पार्श्वभूमीला गेला. अपघाताला चेहरा असतो, झिजेला नसतो.

वाळू कुठून येते हा प्रश्न मात्र मला घरापर्यंत आणून सोडतो. पाचोऱ्याची हिवरा गिरणेला मिळते, गिरणा तापीला, आणि तापी सुरतेच्या पुढे डुमसजवळ समुद्राला. मिऱ्याच्या वाळूशी आमचा संबंध नाही, हे उघड आहे. पण प्रत्येक किनारा कुठल्या तरी नद्यांनी आणलेल्या गाळावर काही अंशी जगतो, आणि आमच्या बाजूचा तो रस्ता आम्हीच अडवला आहे. गिरणेवर धरण, तापीवर हतनूर, पुढे १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई. शिवाय गिरणेच्या पात्रातून रात्रंदिवस ट्रॅक्टरने निघणारी वाळू. ती आमच्या घरांच्या भिंतींत गेली. पाणी अडवणारा बंधारा वाळूही अडवतो, ही गोष्ट फड पद्धतीच्या देशात वाढूनही मी प्रथम समुद्रकाठी शिकलो.

तेव्हापासून लाटेची वाट पाहणे मी कमी केले आहे. एकच जागा, ओहोटीची तीच अवस्था, वर्षातला तोच महिना, आणि भिंतीच्या पायथ्याचा तोच दगड. चित्रे कंटाळवाणी निघतात, वर्गात दाखवली तर विद्यार्थी विचारतात, "सर, यात काय बघायचे?" दोन वर्षांची दोन चित्रे शेजारी ठेवली की प्रश्न थांबतो. पहिल्यात दगड निम्मा वाळूत आहे, दुसऱ्यात त्याखालून पलीकडचे पाणी दिसते.