एका ग्राफचं नाव श्रीखंडे!

आमच्या हॉस्टेलवर सातव्या सेमिस्टरला दरवर्षी एक साथ येते. डेंग्यूची नव्हे, पेपर पब्लिश करण्याची! फी भरा, फाइल पाठवा, दोन दिवसांत ‘कॉन्ग्रॅच्युलेशन्स’ची मेल हजर. २०१८ मध्ये यूजीसीने आपल्या यादीतून चार हजारांवर जर्नल्स काढून टाकली, तरी दुकानं चालूच. आमच्या चौघांच्या प्रोजेक्टचा फॉर्मही तयार आहे. तिघांच्या सह्या झाल्यात, चौथी माझी बाकी आहे. प्रोजेक्ट जमिनीतला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचा, आणि सगळं रीडिंग हॉस्टेलमागच्या एका कुंडीतलं! खऱ्या वावरातलं रीडिंग घेऊ या, असं मी पहिल्यापासून म्हणतेय.

रिसर्च मोजायचं आजचं माप म्हणजे एच-इंडेक्स. हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने २००५ साली काढलेलं. तुमच्या दहा पेपरांचा प्रत्येकी निदान दहा ठिकाणी संदर्भ आला, की तुमचा इंडेक्स दहा. म्हणजे आयुष्यात एकच पेपर लिहिला आणि त्याने जग हललं, तरी इंडेक्स एक! आहे की नाही गंमत?

आता शरच्चंद्र श्रीखंडे सरांकडे येऊ. (श्रीखंड ऐकून मेसकडे धावू नका!) जन्म १९१७, सागरचा. शिक्षण आपल्या नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात. पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्याकडे १९५० मध्ये पीएच.डी. नंतर बनारस आणि मुंबई विद्यापीठ. मुंबईत गणित विभागाचे ते पहिले प्रमुख. १९७८ ला निवृत्त झाले, २०२० मध्ये १०२ व्या वर्षी गेले.

त्यांनी केलं काय? थेट ऑयलरला खोटं पाडलं! १७८२ मध्ये ऑयलरने कोडं घातलं होतं : सहा पलटणी, प्रत्येकीतले सहा हुद्द्यांचे सहा अधिकारी, असे ३६ जण चौकोनात उभे करा. प्रत्येक आडव्या-उभ्या रांगेत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच यायला हवा. ऑयलर म्हणाला, सहाला जमणार नाही, दहा, चौदा, अठरा यांनाही नाही. सहाचं त्याचं खरं निघालं. पण १९५९ मध्ये बोस आणि श्रीखंडे यांनी २२ चा चौकोन करून दाखवला, पार्कर यांनी दहाचा केला, आणि मग तिघांनी मिळून सहाच्या पुढचं सगळंच मोडीत काढलं. एप्रिल १९५९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर ही बातमी होती. गणिताची बातमी, पहिल्या पानावर!

दिवाळीत इंझोरीला आबाजींना हे सांगितलं. माझं कारंज्याच्या कॉन्व्हेंटमधलं मराठी आणि त्यांची वऱ्हाडी, म्हणून जरा वेळ लागला.

‘‘शिपायाइले असं उभं करून फायदा काय व बाई?’’

मी म्हटलं, ‘‘आबाजी, तुमचं वावर खालच्या अंगाला चिभडतं, एका बाजूनं मुरमाड आहे. चार जातींचं सोयाबीन तपासायचं तर कुठं पेराल? प्रत्येक जात प्रत्येक आडव्या-उभ्या पट्ट्यात एकदाच आली पाहिजे. त्यावर चार खतंही अशीच बसवायची, पण प्रत्येक जातीशी प्रत्येक खताची गाठ एकदाच पडली पाहिजे.’’

‘‘म्हंजे वावराचा दोष बियाण्यावर नाही येत,’’ आबाजी म्हणाले. आम्हाला हे समजायला दोन लेक्चर्स लागली होती.

आता ग्राफ. चार बाय चारच्या पटावर बुद्धिबळातला हत्ती कुठल्याही घरातून सहा घरांत जाऊ शकतो. ही सोळा घरं म्हणजे बिंदू, हत्तीची चाल म्हणजे रेघ. कुठलेही दोन बिंदू घ्या, त्यांचे सामाईक शेजारी दोनच. चारऐवजी दुसऱ्या कुठल्याही मापाचा पट असता, तर असे आकडे सांगितले की ग्राफ ठरला. श्रीखंडेंनी १९५९ च्याच एका पेपरात हे सिद्ध केलं, आणि दाखवलं की फक्त चारला एक दुसराही ग्राफ निघतो. तेच सोळा बिंदू, तेच सहा शेजारी, तेच दोन सामाईक. पण हत्तीच्या ग्राफमध्ये सहा शेजाऱ्यांचे दोन सुटे त्रिकोण होतात, आणि श्रीखंडेंच्या ग्राफमध्ये तेच सहाजण हात धरून षटकोन करतात! आकडे सगळे जुळतात, घडण वेगळी.

जगभर याला ‘श्रीखंडे ग्राफ’ म्हणतात. आणि नाव एकदा रुळलं की मूळ पेपर कोण उघडतो? लोक नुसतं नाव लिहून पुढे जातात, सायटेशन खात्यात जमा होतंच असं नाही. माणूस इतका मोठा झाला की संदर्भ द्यायची गरज उरत नाही, हा हिशोब एच-इंडेक्स कुठे मांडणार?

आबाजींनी तुरीच्या बाजूची जागा देऊ केलीय. चार पट्टे, चार दिवस आणि आमच्याकडे सेन्सरही चारच. त्यातला एक जरा जास्तच ओलावा दाखवतो. म्हणून कुठल्या दिवशी कुठल्या पट्ट्यात कुठला सेन्सर, याचा चार बाय चारचा तक्ता मी करून ठेवलाय. पार्टनर्सपैकी दोघं यायला तयार आहेत, तिसरी विचारतेय की इंझोरीला नेटवर्क असतं का.