तपकिरी गॅलरी

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर आमच्या फ्लॅटची गॅलरी बंद करून घ्यायचे ठरले. कारण काव्यात्म नव्हते, कबुतरे होती. 'मेघदूता'त यक्ष मेघाला सांगतो की, उज्जयिनीत ज्या घराच्या वलभीवर पारवे झोपलेले असतील, तिथे थकलेल्या विजेसह रात्र काढ. आमच्या नाशिकच्या कुसुमाग्रजांनी त्या काव्याचा मराठी अनुवाद केला आहे, आणि तो श्लोक मी वर्गात अनेक वर्षे मोठ्या प्रेमाने शिकवला. ती वलभी सकाळी झाडायची कोणी, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आईला दम्यासारखा खोकला सुरू झाला, डॉक्टरांनी कबुतरांच्या विष्ठेपासून लांब राहायला सांगितले, तेव्हा तो पडला.

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. दिवसाचा बहुतेक वेळ ती गॅलरीत असते. जुन्या नाशकातला आमचा वाडा विकल्यानंतर ती पाथर्डी फाट्याकडच्या या चौथ्या मजल्यावर आली आणि आल्या दिवशी तिने सगळ्या खोल्यांतून फिरून गॅलरीत खुर्ची ठेवली. समोर त्रिरश्मीचा डोंगर दिसतो, पांडवलेण्यांचा. पावसात तो हिरवा असतो, दिवाळीनंतर पिवळा पडू लागतो आणि होळीच्या सुमारास पूर्ण तपकिरी होतो. गॅलरी बंद करायची तर त्या डोंगराला धक्का न लावता, एवढीच तिची अट होती.

काम माझ्या भाचीने अंगावर घेतले. तिने गृहसजावटीचे शिक्षण घेतले आहे. तिने संगणकावर चित्र करून दाखवले. सगळी गॅलरी 'ब्राऊन टोन्स'मध्ये. जमिनीला लाकडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स, छताला लाकडी रेघांचे पीव्हीसी पॅनेल, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना सागवानी छटेचे पावडर कोटिंग, भिंतीलगत प्लायची बैठक आणि तिच्यावर अक्रोडी लॅमिनेट, उन्हासाठी बांबूच्या चिका, कोपऱ्यात भाजक्या मातीच्या कुंड्या. सगळ्या चित्रात खरे लाकूड एकच होते: एका जुन्या वाड्याचा कोरीव खांब, तोही नुसता भिंतीला टेकून उभा. "वाड्याचा लूक येईल, आजी," ती म्हणाली. शहराबाहेर जुने लाकूडसामान विकणाऱ्या एका दुकानात तिने तो हेरून ठेवला होता.

आईने चित्र पाहिले, रंगांचे शेड कार्ड हातात घेतले आणि विचारले, "यातला तपकिरी कोणता?"

भाचीने बोट फिरवले. "हे सगळेच, आजी."

"सगळे कसे? तपकीर एकाच रंगाची असते."

मराठीच्या मास्तरकीत आयुष्य गेलेल्या मला त्या वाक्याने थांबवले. तपकिरी हा शब्द तपकिरीवरून आला, हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे निराळे आणि नाकात ओढलेली तपकीर पाहिलेली असणे निराळे. आपल्याकडे या रंगाला वस्तूपासून सुटे झालेले, स्वतःच्या पायावर उभे असे नावच नाही. विटेवरून विटकरी, बदामावरून बदामी, मातीवरून मातकट. नंतर आलेले चॉकलेटी आणि कॉफीसुद्धा त्याच पंगतीत बसले. संस्कृतात 'कपिश' हा वानराच्या रंगावरून आला. ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तात फासे 'बभ्रू' आहेत, कारण ते बेहड्याच्या फळांचे असत. काळा, पांढरा, तांबडा यांची नावे उच्चारताना कोणतीच वस्तू आठवावी लागत नाही. तपकिरीचे नाव घ्यायचे तर कुठल्या तरी वस्तूला हात लावावा लागतो.

आईने मग शेड कार्डाचे आपले नामकरण सुरू केले. एका चौकोनाला ती मनुका म्हणाली, द्राक्षांच्या जिल्ह्यात ते साहजिक होते. एक कांद्याची साल, वखारीत महिनाभर राहिलेल्या कांद्याची. एक तांबट लेनमधल्या दुकानात टांगलेल्या, अजून न घासलेल्या भांड्याचा. एक गोदावरीच्या पुराचा. एक जुन्या गुळाचा. भाची ही नावे गमतीने मोबाइलवर टिपून घेत होती. मला मात्र जाणवले की, कार्डावरची छापील नावे रंगाला दूरच्या कुठल्या तरी कॅफेत आणि जंगलात नेत होती, आणि आईची नावे त्याला दोन कोसांच्या आत आणत होती.

पण वाड्याचा तपकिरी तिला कार्डावर सापडेना. तो सापडणारही नव्हता. आमचा वाडा काही सराफ बाजारातल्या सरकारवाड्यासारखा पेशवाई थाटाचा नव्हता. साधे दुमजली घर. पुढे ओटा, आत ओसरी, वर माडी आणि रस्त्यावर झुकलेला लाकडी सज्जा. मोजमाप खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात. खांब सुरूच्या घाटाचे, खाली फुगीर आणि वर निमुळते होत गेलेले. माथ्यावर महिरप आणि केळफूल. डोक्यावर तक्तपोशी. हे सागवान आणले तेव्हा पिवळसर असणार. मग दर दोनचार वर्षांनी तेलाचा हात, रोजचा चुलीचा धूर, देवघरातला धूप, सणासुदीची गर्दी, टेकलेल्या पाठी आणि चढता-उतरता धरलेले हात यांनी तो रंग पिढ्यापिढ्यांत मुरत गेला. ओसरीच्या खांबावर माणसाच्या खांद्याच्या उंचीला एक पट्टा होता, बाकीच्या खांबापेक्षा गडद आणि गुळगुळीत. भाचीचे शिक्षण सांगते की बंदिस्त छोट्या जागेत छत फिकट ठेवावे आणि गडद रंग जमिनीजवळ आणावा, म्हणजे जागा मोकळी वाटते. वाड्यात नेमके उलटे होते. वर काळपट लाकूड, खाली शेणाने सारवलेली फिकट जमीन. पण त्या छताने धूर गिळायचा होता आणि उन्हाळ्याच्या दुपारी डोळ्यांना अंधार द्यायचा होता; मोकळे दिसणे हे त्याचे कामच नव्हते.

वाडा विकला तेव्हा लाकडाचा हिशेब वेगळा झाला. जमिनीचा भाव चौरस फुटाने आणि लाकडाचा घनफुटाने. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून आपण वाड्याच्या पडझडीकडे एका व्यवस्थेच्या पडझडीचे प्रतीक म्हणून पाहायला शिकलो. मीही तसेच शिकवले. प्रतीकाचे एक बरे असते, त्याला गिऱ्हाईक नसते. आमच्या तुळया आणि खांब दोन ट्रकांत भरून गेले, त्या दिवशी मी कॉलेजात होते. तास घ्यायचा होता, असे मी सांगत आले आहे. खरे म्हणजे तो तास मला पुढे ढकलता आला असता. आई शेजारच्या ओट्यावर बसून होती, एकटी.

म्हणून भाचीबरोबर त्या दुकानात जाताना माझ्या पोटात गोळा होता. पत्र्याच्या शेडमध्ये कुणाकुणाच्या घरांचे खांब आडवे रचलेले होते. दारांच्या चौकटी, सज्जाचे कठडे, झोपाळ्याच्या कड्या. बरेच सामान हॉटेलांना आणि शेतघरांना जाते, असे कळले. दरवर्षी पावसाळ्यात जुन्या नाशकात एखादा वाडा ढासळतो, उरलेल्यांना धोकादायक इमारतीच्या नोटिसा लागतात, आणि काही महिन्यांनी त्यांचा तपकिरी रंग कुणाच्या तरी दिवाणखान्यात प्रकाशझोताखाली उभा राहतो. आमच्या ओसरीच्या खांबाला कंदिलाचा एक खिळा होता, मान मोडलेला. मी प्रत्येक खांबावर तो शोधला. नाही सापडला. मला हायसे वाटले, आणि हायसे वाटल्याची लाजही वाटली.

भाचीने हेरलेला खांब सुंदर होता. मोबाइलवर काढलेला फोटो आईला दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला.

"नको गं. खांबानं काहीतरी तोलायला पाहिजे. असा नुसता उभा केलेला बघवत नाही."

मला वाटले, विषय इथेच संपला. थोड्या वेळाने ती पुन्हा बोलली. "आणि आपल्या ओसरीच्या खांबाला सगळ्यांनी कुठे हात लावला होता? सरपण घेऊन यायची ती बाई अंगणातच उभी राहायची. पाणी मागितलं की मी वरून ओतायची. मी नवी सून होते. सासूबाईंनी सांगितलं तसं करत गेले. पुढे सासूबाई गेल्या, तरी करत राहिले."

हे मी आईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, तो आमच्या वाड्यापासून नदी ओलांडली की पंचवटीत. आईच्या लग्नाच्या किती तरी वर्षे आधी. बाबूराव बागूल याच जिल्ह्यातले. त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ मध्ये आला. नोकरीसाठी परगावी येऊन, डोक्यावर छप्पर मिळवण्यापायी जात न सांगणाऱ्या तरुणाची त्यातली शीर्षककथा मी किती वेळा शिकवली असेन. त्या वर्गातून घरी येऊन मी ज्या ओसरीच्या आठवणीने हळवी होत होते, तिच्या पायरीवर एक अदृश्य रेघ होती आणि ती मला कधी दिसली नव्हती. त्या खांबावरचा गडद पट्टा ज्या हातांनी घडवला, त्या हातांची यादी अपुरी होती. वाड्याचा 'लूक' आणायचा म्हणजे ही यादीही तशीच आणायची का?

पुढच्या रविवारी मी आणि भाची समोरच्या डोंगरावर गेलो. तिने पांडवलेणी शाळेच्या सहलीत पाहिली होती, म्हणजे पाहिली नव्हती. तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्याशी मी तिला थांबवले. गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, गौतमी बलश्रीने, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी हे लेणे भिक्षुसंघाला दिले. तसा लेख व्हरांड्याच्या भिंतीवर कोरलेला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली ही आमच्या परिसरातली आच्छादित गॅलरीच म्हणायची. खांबांपुढे कठडा आहे आणि खाली दगडात कोरलेल्या तुळया. त्या तुळया प्रचंड गणांनी खांद्यांवर घेतल्या आहेत. वास्तविक तिथे तुळईची गरज नाही. सगळा एकसंध कातळ आहे. लाकडी घरे बांधणाऱ्यांच्या डोळ्यांत लाकूड इतके मुरले होते की दगडातही त्यांनी लाकूडच कोरले.

"म्हणजे हेही वूड फिनिशच की," भाची म्हणाली.

मी हसले, पण तिचे बरोबर होते. नक्कल हा दोष असता तर हे लेणे पहिले दोषी ठरले असते. फरक कुठे होता ते मात्र त्या गणांच्या चेहऱ्यांकडे पाहताना थोडे उमगले. कोरणाऱ्याने त्यांना भार दिला होता. खोटा का होईना, पण त्यांचे खांदे तो भार घेताना दिसतात. त्या व्हरांड्यात माणसे राहिली, पावसाळे काढले. आम्ही मात्र एक खांब त्याच्या भारापासून सोडवून शोभेला उभा करणार होतो.

गॅलरी झाली ती अशी. आधी सोसायटीची परवानगी आणि नियमांची चौकशी. पूर्वी गॅलरीला चटईक्षेत्रात सवलत असे आणि ती बंद करायची तर अधिमूल्य भरावे लागे. २०२० च्या एकत्रित नियमावलीपासून नव्या इमारतींत गॅलरीही चटईक्षेत्रातच मोजली जाते. जुन्या इमारतीला जुने कागद पाहावे लागतात. मग बाहेरच्या कडेला जड काही ठेवायचे नाही, कारण झुकत्या स्लॅबवर भार वाढवणे बरे नव्हे. छत फिकट बदामी, भिंत मातकट, जमीन मनुकेच्या रंगाची. खिडक्या तीन रुळांच्या, म्हणजे दोन तृतीयांश जागा उघडी राहते आणि डोंगर अखंड दिसतो. एका भागाला कबुतरांसाठी बारीक जाळी. बांबूच्या चिकांऐवजी वाळ्याचा पडदा. एप्रिलमध्ये त्यावर पाणी मारले की गॅलरीभर वास पसरतो आणि पडद्याचा रंग क्षणात दोन छटांनी गडद होतो. खांब नाही.

बैठकीवर लॅमिनेटच घातले. खरे सागवान परवडणारे नव्हते. वर्ष झाले. जिथे आईचा हात नेहमी टेकतो, तिथली कड गडद झालेली नाही, उलट फिकी पडून आतला प्लाय डोकावू लागला आहे. वापराने या रंगाला वय येत नाही, तो फक्त झिजतो. भाची म्हणते, बदलून देते. आई नको म्हणते.

कामाला येणाऱ्या मावशी पहिल्या दिवशी चहाचा कप घेऊन खाली फरशीवर बसल्या होत्या. आई म्हणाली, "वर बसा हो. बैठक कशाला केलीय?" त्या उठून बसल्या, अगदी टोकाला, अर्ध्या. अजूनही बैठकीच्या टोकालाच बसतात. आई दर वेळी थोडी सरकते. मधली जागा रोज किती उरते, ते मी आतून पाहत असते.