खामगावचे चाचा

खामगावच्या एका गॅरेजवाल्या चाचांचे पैसे मी सोयाबीन विकून हप्त्याहप्त्याने फेडले. बाकीचं कसं फेडायचं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मारुती व्हॅन बाबांनी सवारीसाठी घेतलेली. चिखलीहून शेगावला महाराजांच्या दर्शनाला, बुलढाण्याहून मलकापूरला रेल्वे गाठायला. इंजिन ड्रायव्हरच्या सीटखालीच, म्हणजे मे महिन्यात शेगडीवर बसून गाडी हाकायची. गंमत अशी, की 1992 साली जपानात माझदाने ऑटोझॅम एझेड-1 नावाची, वर उघडणाऱ्या दारांची एवढुशी स्पोर्ट्स कार काढली. तिचंही इंजिन मधोमध आणि तेही सुझुकीचंच, 657 सीसीचं, आमच्या 796 सीसीवाल्याच्या घराण्यातलं. तिच्यात दोन माणसं बसत. आमच्या व्हॅनमध्ये किती बसत, ते लिहिण्यासारखं नाही.

राजूर घाटात कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. बोअर करून, ओव्हरसाइज पिस्टन टाकून भागण्यासारखं काही उरलंच नाही. मग सल्ले सुरू झाले. जिप्सीचं 970 सीसीचं टाक, घाटात गिअर पाडावा लागणार नाही, असं जो तो सांगू लागला. मलाही ते पटत चाललं होतं.

चाचांनी सीट उचलली, खालची जागा पट्टीने मोजली. "जिप्सीचं चार सिलिंडरचं हाय भाऊ, तुमचं तीनचं. एका सिलिंडरची लांबी कुठी ठेवता? अन् ब्रेक तं जुनेच राहतीन ना?" मोठं इंजिन विकून त्यांनाच चार पैसे जास्त सुटले असते. मारुती 800चं इंजिनही 796चंच, भंगारात वाटेल तेवढी मिळायची. पण तिथे ते आडवं बसून पुढची चाकं ओढतं, व्हॅनमध्ये उभं बसून मागची फिरवतं. "जुगाड करता येते," चाचा म्हणाले, "पण सवारीच्या गाडीले नाही."

गॅरेज बंद ठेवून ते माझ्याबरोबर अकोल्याला आले. एका दुकानात नंबर घासलेलं इंजिन निम्म्या भावात होतं; चाचांनी त्याला हातही लावला नाही. शेवटी अपघातातल्या एका व्हॅनचं सापडलं. त्यांनी हेड उघडायला लावलं आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये बोट घालून वरच्या कडेवरून नख फिरवलं. घासलेल्या सिलिंडरला तिथे पायरी पडते, नख अडकतं. मलाही फिरवायला लावलं. नख सरळ खाली गेलं. मग पावतीवर इंजिन नंबर लिहून घेतला, ब्लॉकवरच्या आकड्याशी एकेक अंक जुळवला.

इंजिन बदललं की आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 चाचांना कलम म्हणून ठाऊक नसावं, पण बुलढाण्याच्या आरटीओत नोंद होईपर्यंत त्यांनी माझी पाठ सोडली नाही. तेव्हा त्या खेट्यांचा मला मनस्वी कंटाळा आला होता.

पुढे बाबा थकले, व्हॅन विकायला काढली. देऊळगाव राजाचा गिऱ्हाईक मेकॅनिकला घेऊनच आला. सीट उचलून त्याने आधी इंजिन नंबर पाहिला, आरसीशी ताडला आणि भाव न पाडता पैसे मोजले. चाचांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "पैसे आले ते ठीक. पण गाडी त्याच्या नावावर करून दे पहिले."