नऊ नंबरचा तंबू

नणंदेशी मी चार वर्षं धड बोलत नव्हते. आणि मग वीस दिवस आम्ही दोघी एकाच तंबूत झोपलो, तेही आफ्रिकेत!

हा उद्योग माझ्या मुलाचा. तो जोहान्सबर्गला नोकरीला. केपटाउनहून ट्रकने नामिबिया, बोट्स्वाना करत व्हिक्टोरिया फॉल्सपर्यंत जाणारी कॅम्पिंगची सहल त्याने आम्हा दोघींसाठी बुक केली. एकटीला वेगळा तंबू हवा तर जादा पैसे पडतात, म्हणून "आई, तू आणि आत्या एकत्र." मी म्हटलं, बस, झालं कल्याण.

त्या गाडीला बस म्हटलेलं तिथे चालत नाही, ट्रकच म्हणायचं. आहेच तसा तो. चढायला शिडी, मागे लॉकर, पोटात गॅस, भांडी आणि घडीच्या खुर्च्या. बरोबर बहुतेक जर्मन आणि डच मंडळी, त्यात साठी ओलांडलेल्या आम्ही दोघी इंदूरच्या. कामाच्या पाळ्या ठरलेल्या: आज भाजी चिरा, उद्या भांडी, परवा ट्रक झाडा. भांडी पुसायला फडकं मात्र नाही. फडक्याने जंतू पसरतात, म्हणून ओली ताटं हवेत हलवून वाळवायची. वन्सं दोन्ही हातांत ताटं धरून पंख्यासारख्या हलवायच्या. मला हसू आवरेना, पण हसायची सोय नव्हती.

तंबू एकटीला लागत नाही. जाड कॅनव्हास, लांब दांडे. एकीने एका टोकाला धरायचं, दुसरीने समोरून वाकवून अडकवायचं. त्यामुळे रोज संध्याकाळी बोलणं व्हायचंच. "धरा." "सोड." "खुंटी दे." बस, एवढंच.

पाचव्या रात्री नामिबच्या वाळवंटाच्या तोंडाशी, सेसरिएमला, वारा सुटला. जुलै महिना, म्हणजे तिकडे हिवाळा. वाळूत खुंट्या धरेनात. दोघी आत बसून एकेक दांडा हाताने धरून ठेवला होता. अंधारात वन्सं म्हणाल्या, "विकायच्या आधी मला एकदा बोलावलं असतंस तर?"

रामबागेतलं घर. हे गेल्यावर मी ते विकलं. वन्संचा वाटा हिशेबाने त्यांच्या खात्यात टाकला होता. तो त्यांना कमी वाटला, असंच मी चार वर्षं धरून चालले होते.

"मला पैसे नको होते गं. आईच्या स्वयंपाकघरात एकदा उभं राहायचं होतं."

आम्ही भांडलो, पण कुजबुजत. आजूबाजूला मराठी कळणारं चिटपाखरू नव्हतं, तरी कुजबुजतच. भाडेकरू ऐकतील ही जुनी सवय, दुसरं काय! शेवटी मी खरं ते सांगितलं. तुम्ही आला असता तर 'विकू नको' म्हणाला असता, आणि मला तुमचा शब्द मोडता आला नसता. दवाखान्याचं कर्ज डोक्यावर होतं. कर्जाचं त्यांना माहीतच नव्हतं, मीच लपवलं होतं.

"भाऊ माझा होता," त्या म्हणाल्या. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

पहाटे सगळे ड्यून 45 वर सूर्योदयासाठी धावले. सेसरिएमच्या फाटकापासून 45 किलोमीटरवर, म्हणून हे नाव. वाळूच्या धारेवर दोन पावलं टाकली की एक मागे घसरतं. आम्ही अर्ध्यातच बसकण मारली. वन्संनी पर्समधून लौंग सेवेची पुडी काढली, इंदूरहून आणलेली, आणि काही न बोलता माझ्यापुढे धरली.

पुढे एटोशाला ओकाकुएयो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात. काळ्या गेंड्याची मादी पिल्लाला घेऊन पाण्यावर आली. बाकांवर एवढी माणसं, पण कुणाचा श्वास ऐकू येईना. आणि वन्सं माझ्या कानाशी लागून सांगत होत्या की स्वयंपाकघरातली ती फुटकी फरशी त्यांनीच लहानपणी खलबत्ता पाडून फोडली होती, मार मात्र यांनी खाल्ला. त्या फरशीला मी तीस वर्षं ठेचकाळले. यांनी एकदाही सांगितलं नाही.

शेवटच्या मुक्कामी, व्हिक्टोरिया फॉल्सला, जादा पैसे भरून पलंगाची खोली मिळत होती. मुलाने फोनवर विचारलं, घेऊ का? वन्संनी माझ्या हातून फोन काढून घेतला.

"कशाला रे? खुंट्या ठोकून झाल्या आमच्या."