आज्ञेची कन्या

दुसऱ्याच्या घरच्या संस्कारास पाहुणा म्हणून जाणें दिसतें तितकें सोपें नसतें. बावधनांत आमच्या घरीं एका बेने इस्राएल स्नेह्यांकडून त्यांच्या कन्येच्या ‘बाथ मित्सवा’चें निमंत्रण आलें, तेव्हां नेसावें काय आणि द्यावें काय, याचाच प्रथम खल झाला. वाचकांपैकीं कोणावर असा प्रसंग आल्यास उपयोगीं पडावें म्हणून चार गोष्टी नमूद करितों.

बेने इस्राएल हे धर्मानें यहुदी, पण मातृभाषेनें मराठी. कुलाबा जिल्ह्यांत ते पूर्वीं तेलाचा घाणा चालवीत व शनिवारीं तो बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. पुण्याच्या लष्करांतील लाल देऊळ बगदादी यहुदी डेव्हिड ससून यांच्या औदार्यानें उभें राहिलें व १८६७ सालीं पुरें झालें. रास्ता पेठेंतील प्रार्थनामंदिर बेने इस्राएलांचें.

विधि बहुधा शनिवारीं सकाळीं, शब्बाथाच्या प्रार्थनेस जोडून होतो. पुरुषांनीं, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, मस्तक झांकावें. जुन्या वळणाच्या मंदिरांत स्त्रियांची बैठक निराळी असते. तोराची गुंडाळी बाहेर काढतांना सर्व उभे राहतात, आपणही राहावें. अशा मंदिरांत मुलगी गुंडाळी वाचीत नाहीं, मात्र धर्मग्रंथावर चार शब्द बोलते. सुधारक पंथांत ती स्वतः वाचते. न्यूयॉर्कमध्यें ज्यूडिथ कॅप्लन या मुलीनें १९२२ सालीं हा विधि केला. पुढें तो अमेरिकेंत हळूहळू रूढ झाला.

शब्बाथ कडक पाळणारे त्या दिवशीं पैशास हात लावीत नाहींत, छायाचित्रही काढीत नाहींत. तेव्हां आहेर आधीं पोंचवावा. आपण १०१ देतों, तसे ते १८ च्या पटींत देतात; कारण ‘जीवन’ या अर्थाच्या इब्री शब्दांतील अक्षरांची बेरीज १८ होते. मांसाच्या जेवणांत दुधाचा पदार्थ नसतो. बेने इस्राएलांच्या घरीं नारळाचें दूध त्याची उणीव भरून काढतें.

परंतु खरी ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. आपल्याकडे मुंज झाल्यावांचून बटु द्विज होत नाहीं. येथें मुलीस बारा वर्षें पुरीं झालीं कीं समारंभ होवो वा न होवो, ती धर्माज्ञांस बांधली जाते. ‘बाथ मित्सवा’ याचा अर्थच ‘आज्ञेची कन्या’. पाहुणे केवळ साक्षीला.

हारीतानें ब्रह्मवादिनी स्त्रियांस उपनयन सांगितलें आहे, हें संस्कृत शिकवितांना आम्ही अनेकदां सांगितलें. आतां आमची नात विचारते, “आजोबा, दादाची मुंज झाली, माझी कधीं?” तिला येत्या माघांत बारावें लागेल. तिचें उपनयन करावें असें आमचें मत. घरांत मात्र अद्यापि दोन तट आहेत.

तें ठरेल तेव्हां ठरेल. पाहुण्यानें एवढें करावें कीं, पानाकडे वळण्यापूर्वीं मुलीचें भाषण नीट ऐकावें. त्या दिवसापासून तिच्या बऱ्यावाइटाचें उत्तर तिचें तिनेंच द्यावयाचें असतें.